रेडियम उचकटलं? आधी पडलेल्या अक्षराची पाठ बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीकडच्या एका लाकडी घाण्याच्या तेलवाल्यांनी नवा छोटा हत्ती घेतला, पंधरा दिवस वापरला आणि मग दोन्ही बाजूंना आणि मागच्या फाळक्यावर दुकानाचं नाव, 'शेंगतेल, करडई तेल, खोबरेल' ही ओळ आणि मोबाइल नंबर रेडियममध्ये करून घेतला. लावणाऱ्यानं त्यांच्यासमोर थिनरनं पुसून मगच लावलं. तरी दीड महिन्यात खालच्या ओळीचे कोपरे उठले, 'शेंगतेल'चा अनुस्वार पडला, आता लोक 'शेगतेल' वाचतात. फाळक्यावरचं निम्मं गेलं. चालकाच्या दारावरचं मात्र जसंच्या तसं आहे. माल हलका होता का, आणि पुन्हा करायचं तर गाडी नेमकी कशी साफ करून घ्यायची, असं त्यांनी विचारलंय.

मालावर मी तरी आळ घेणार नाही. एकाच रोलमधनं कापलेलं दारावर टिकतं आणि फाळक्यावर पडतं, तर रोलचा काय दोष? तुमच्या धंद्यातच उत्तर आहे. तेलाचे डबे कुठून चढवता? मागून आणि डाव्या बाजूनं. डबा उचलणाऱ्याचा हात, डब्याचा बूड, सांडलेला थेंब, सगळं फाळक्याला आणि हौद्याच्या खालच्या पट्टीला लागतं. चालकाच्या दाराला कोण तेलाचा हात लावतो?

कोल्हापूरला उद्यमनगरात माझा गाळा आहे, २४ वर्षं हेच काम. पहिली बरीच वर्षं नंबर प्लेटवर गेली. प्लेट म्हणजे कोरा पत्रा, वरचा कागद सोलला की खाली स्वच्छ पृष्ठभाग, लाव आणि दे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, कंपनीकडूनच यायला लागली, ते काम आटलं आणि आमच्यापैकी बरेचजण टेम्पो, स्कूल बस, दुधाच्या गाड्यांवर नावं टाकायला लागले. प्लेट पुसायची सवय हाताला होती, गाडी साफ करायची नव्हती. तुमच्या माणसानं थिनर मारलं ते कामचुकारपणानं नसणार. त्याला तेवढंच शिकवलेलं असणार. मलाही तेवढंच शिकवलं होतं.

पडलेली अक्षरं अजून गाडीत, हौद्यात कुठं सापडली तर टाकू नका. त्यांची पाठ बघा. काम बिघडलेली गाडी दारात आली की मी आधी तेच बघतो, गाडीकडं नंतर.

पाठ मध्ये स्वच्छ आणि कडेला फक्त करडी धुळीची रेघ असेल, तर अक्षर आधी नीट बसलं होतं, कडा नंतर उठली आणि मग धूळ शिरली. तिथं कडेजवळ काय आहे ते शोधायचं: रिबीट, दाराचा रबर, पत्र्याचा सांधा. पाठभर पिठासारखी पांढरी पूड असेल तर रंग जुना होऊन पूड सोडतोय. अक्षर त्या पुडीला चिकटलं आणि पुडीसकट सुटलं. पाठ काचेसारखी लख्ख आणि बोटाला अजून नव्यासारखी चिकटत असेल, तर गोंदाला गाडीवर धरायला काही मिळालंच नाही. वॅक्स, टेफ्लॉन नाहीतर टायर चमकवायचं सिलिकॉन. रंगाचा पापुद्रा घेऊन आलं असेल तर पेंटरकडं जा, माझ्याकडं नको. गोंद सगळा गाडीवर राहिला आणि वरचं प्लास्टिक तेवढं निघालं, तेव्हा मात्र खुशाल मालाला नावं ठेवा.

आणि पाठ बोटाला निसरडी लागत असेल, गोंद लोण्यासारखा मऊ होऊन पुसला जात असेल, तर ते तेल. विनाइलचा, म्हणजे रेडियमच्या प्लास्टिकचा, गोंद तेल शोषतो आणि ढिला पडतो. माझी खात्री आहे की तुमच्या फाळक्यावरची अक्षरं अशीच निघतील.

अनुस्वार आधी का पडला, हेही सांगतो, कारण हा त्रास आपल्या लिपीचाच आहे. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, एक पडलं तर एक पडतं. आपल्याकडं शिरोरेघेनं सगळा शब्द एका तुकड्यात कापला जातो. रेघेचं एक टोक उठलं की वारा आत शिरतो आणि पंधरा दिवसांत अख्खा शब्द सालीसारखा सोलून येतो. याउलट अनुस्वार एकटा, शिरोरेघेच्या वर, नखाएवढा. त्याच्याखाली चिकटायला जागाच किती? त्या जागेत अर्धं बोट तेल असलं की संपलं. जोतिबाच्या यात्रेला निघालेल्या एका जीपवर मी स्वतः लावलेल्या 'चांगभलं'चं 'चागभल' होऊन परत आलेलं बघितलंय. तेव्हापासून अनुस्वाराचा ठिपका मी फॉन्टमध्ये असतो त्याहून थोडा मोठा करतो आणि शिरोरेघेची टोकं, वेलांट्यांची टोकं गोल करून कापतो. टोकदार कोपरा आधी उचकटतो.

आता थिनर. पत्र्यावर तेलाचा डाग आहे. थिनरचं फडकं फिरवलं, तेल थिनरमध्ये विरघळलं. थिनर मिनिटभरात उडून गेलं. तेल कुठं गेलं? कुठंच नाही. आधी तळहाताएवढ्या जागेत होतं, ते आता फूटभर जागेत पातळ पसरून बसलं. डोळ्याला पत्रा चकचकीत दिसतो, वास स्वच्छ येतो, गिऱ्हाईक खूश. मळ जागचा हलवणं वेगळं आणि गाडीवरून उचलून नेणं वेगळं. साफ करायची जी काही रीत मी खाली सांगतोय ती सगळी या एका गोष्टीसाठी आहे: विरघळलेला मळ वाळायच्या आत कोरड्या फडक्यात आला पाहिजे.

थिनरचं दुसरं दुखणं रंगाचं. कंपनीतून भाजून आलेला रंग थोडं थिनर सहन करतो. पण बॉडीवाल्याकडं बांधलेला हौदा साध्या इनॅमलनं रंगवलेला असतो, त्यावर थिनरचं फडकं घासलं की फडक्याला रंग येतो. तो मऊ झालेला रंग आणि त्यात अडकलेलं थिनर विनाइलखाली गेलं की नंतर फुगे धरतात. शिकाऊ असताना एका निळ्या फाळक्यावर मी दोन हात जोरात मारले आणि मधोमध चंद्रकोरीसारखा मॅट डाग पडला. मालकानं माझ्या पगारातून पेंटरचे पैसे कापले. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांचंही तेच. डिझेलनं पुसलेली गाडी चमकते ती त्यातल्या तेलानंच चमकते.

सुरुवात पाण्यापासून करायची. यात काही कला नाही, पण टाळता येत नाही. वरची धूळ-माती पाण्याच्या माऱ्यानं घालवायची, मग बादलीत भांडी घासायचं साधं लिक्विड, स्पंज, आणि वरून खाली. शाम्पू वापरायचा तर 'वॉश अँड वॅक्स' लिहिलेला नको. वॉशिंग सेंटरवाल्याला आधीच बजावायचं की शेवटी पॉलिश, टायरला चमक, यातलं काही मारू नको. तो सवयीनं मारतो. टायरवर मारलेल्या सिलिकॉनचा फवारा दाराच्या खालच्या निम्म्या भागावर बसतो आणि नेमकी तिथंच आपल्याला मोबाइल नंबरची ओळ टाकायची असते.

तेल, तूप, दूध यांच्या गाड्यांना गार पाणी पुरत नाही. एका दूध गोळा करणाऱ्याच्या सहा गाड्या मी एका आठवड्यात केल्या होत्या. सगळ्या धुऊन आलेल्या, पांढऱ्या शुभ्र. महिनाभरात सहाही गाड्यांची एकाच बाजूची, हौद्याच्या काठाखालची वीतभर पट्टी सुटली. सहा गाड्या, सहा वेगळे चालक आणि जागा तीच. मी गिऱ्हाइकाशी वाद घालत होतो, तेवढ्यात त्यांचा पोऱ्या कॅन उतरवायला लागला. कॅन काठावर टेकला, झाकणाच्या कडेनं दुधाची धार बरोबर त्या पट्टीवर आली. दुधातली साय पत्र्यावर पातळ पापुद्र्यासारखी वाळते, पांढऱ्या गाडीवर दिसत नाही आणि गार पाण्यानं जात नाही. गरम पाणी, लिक्विड, दोनदा धुणं आणि मग खाली सांगतो तसं पुसणं, असं करून सहाही गाड्या फुकटात परत केल्या. त्या मात्र टिकल्या. तुमच्या टेम्पोला हात सोसेल इतपत गरम पाणी वापरा. घाण्याचं तेल वाळून चिकट झालेलं असेल तर ती जागा लिक्विड लावून दहा मिनिटं ओली ठेवा, घासाघाशी नंतर.

धुऊन वाळल्यावर हात फिरवायचा. डोळ्यापेक्षा हात खरं सांगतो. हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं हलकेच फिरवली तर बारीकसारीक खडे लगेच कळतात. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाची बारीक भुकटी बसून रंगात रुतते, मग नारिंगी ठिपके दिसतात. ती पाण्यानं जात नाही, क्ले बार लागतो. ओल्या पत्र्यावर तो मातीसारखा गोळा फिरवला की कण त्यात निघून येतात. क्लेला लागणारं वंगण साबणाचं असतं, म्हणून नंतर परत पाण्यानं धुवायचं. डांबराचे काळे ठिपके चाकामागं हमखास असतात. त्यांना टार रिमूव्हर, आणि तो तेलकट असतो, म्हणून त्याच्यानंतर परत साबण. बोअरच्या पाण्याचे पांढरे चट्टे म्हणजे क्षार. व्हिनेगर निम्म्या पाण्यात घालून फडकं ठेवलं की ते सुटतात, मग पाण्यानं धुवायचं. चैत्र यात्रेहून आलेली गाडी असेल तर गुलाल सांध्यासांध्यात बसलेला असतो, फुंकर मारा, कोपऱ्यातून गुलाबी धूर निघतो. अशा गाडीला मी त्या आठवड्यात हातच लावत नाही.

नव्या गाडीची पूजाही लक्षात असू द्या. बॉनेटवर तेलात नाहीतर तुपात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक असतं, त्यावर नारळाचं पाणी सांडलेलं असतं. कुंकू पुसलं जातं, तूप राहतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काचेखाली, बॉनेटवर नाव टाकायला येणाऱ्यांना मी आधी चहा पाजतो आणि गाडी पोऱ्याकडं धुवायला देतो.

वॅक्स, टेफ्लॉन, सिरॅमिक. नवी गाडी शोरूममधून निघताना यातलं काही ना काही लावून निघते आणि मालकाला पुष्कळदा ठाऊकही नसतं. यांचं कामच मुळी गाडीला काही चिकटू न देणं, मग विनाइल कसं चिकटेल? ओळखायची युक्ती सोपी. जिथं नाव टाकायचं तिथं स्वच्छ पाण्याचा एक गिलास ओता. पाणी एकसंध चादरीसारखं पसरून खाली उतरलं तर पत्रा उघडा आहे. पाण्याचे मोती होऊन टपटप घरंगळले, किंवा चादर मध्येच फाटून बेटं पडली, तर काहीतरी वर आहे. साधं वॅक्स असेल तर वॅक्स-ग्रीस रिमूव्हरनं जातं. पेंटच्या दुकानात 'सिलिकॉन रिमूव्हर' म्हणून मागितलं तरी देतात. नुसत्या अल्कोहोलनं वॅक्स निघत नाही. सिरॅमिक असेल तर तेवढी जागा बारीक कंपाउंडनं, म्हणजे रंग घासायच्या पेस्टनं, घासून उघडी करावी लागते आणि त्याला मालकाची लेखी परवानगी मी घेतो, कारण सिरॅमिकला त्यानं हजारो रुपये मोजलेले असतात. रबिंगनंतर कंपाउंडचं तेल राहतं, तेही रिमूव्हरनं काढायचं. मग परत गिलासभर पाणी ओतून बघायचं.

हे सगळं झालं की शेवटचं पुसणं, आणि खरं काम हेच. आयसोप्रोपिल अल्कोहोल, आमच्या भाषेत आयपीए. केमिकलवाल्याकडं ९९ टक्क्यांचं मिळतं. ७०० मिली आयपीए, ३०० मिली पाणी. पाणी आरओचं नाहीतर बॅटरीचं, बोअरचं घातलंत तर क्षार परत तिथंच. पाणी कशाला, असं पोरं विचारतात. निव्वळ आयपीए फार झपकन उडतं, पुसायला वेळ देत नाही. शिवाय घामाचं मीठ विरघळतं ते पाण्यातच, आयपीएत नाही.

सॅनिटायझर वापरू नका. २०२० नंतर प्रत्येक गाळ्यात ती बाटली आली आणि 'अल्कोहोलच आहे की' म्हणून लोक तेच मारतात. जागतिक आरोग्य संघटनेनं दिलेल्या सूत्रातसुद्धा १.४५ टक्के ग्लिसरॉल असतं, हाताची कातडी कोरडी पडू नये म्हणून. जेलमध्ये घट्टपणासाठी आणखी काहीबाही. ते पत्र्यावर तसंच राहतं.

दोन फडकी घ्यायची. पांढरी, सुती, न रंगवलेली, धाग्याचा भुसा न सोडणारी. बनियनचं वेस्ट चालतं, पण दोनदा साध्या साबणानं धुतलेलं, कपडे मऊ करायचं कंडिशनर न लावता. गॅरेजमधलं कॉटन वेस्ट अजिबात नको, त्यात आधीच कुणीतरी ग्रीस पुसलेलं असतं. फडकं दोनदा दुमडून चौघडी करायची, म्हणजे एकामागून एक कोऱ्या बाजू मिळतात. डाव्या हातात ओलं, उजव्यात कोरडं. ओलं म्हणजे पिळलं तर थेंब पडेल इतकं, ठिबकणारं नको. एका वेळी हातभर जागा. ओलं वरून खाली एकदा, आणि त्याची ओली चमक पत्र्यावर आहे तोवर मागोमाग कोरडं, त्याच दिशेनं. गोल गोल फिरवायचं नाही. गोल फिरवलं की उचललेला मळ परत तिथंच येतो. ओलं आपोआप वाळून गेलं असेल तर ती जागा पुसलीच नाही असं धरायचं आणि परत करायचं. प्रत्येक हाताला कोरड्या फडक्याची नवी बाजू. कोरड्यावर करडं, पिवळट काही येतंय तोवर थांबायचं नाही. पांढऱ्या टेम्पोवर मळ दिसत नाही, फडक्यावर दिसतो. तुमच्या फाळक्याला मला वाटतं पाच-सहा हात लागतील. दाराला दोन पुरले असते.

यानंतर त्या जागेला हात लावायचा नाही. ऐकायला सोपं आहे. पण मापाची पट्टी धरताना अंगठा टेकतो, गिऱ्हाईक 'इथंच येणार ना?' म्हणत बोट ठेवतं, कामगाराच्या केसांना तेल, कपाळाला घाम. आणि आमच्या गाळ्यांमधला सगळ्यांत मोठा वैरी: तंबाखू-चुना मळलेला तळहात. एका फाळक्यावर 'ॐ'च्या बरोबर मध्ये विनाइल धरेना, तिरकं बघितलं तर चुन्यानं उमटलेला अंगठा स्पष्ट दिसत होता, आधार कार्डाला चालला असता. आता नियम असा की मापाच्या खुणा पुसण्याआधी करायच्या, मास्किंग टेपच्या तुकड्यांनी, अक्षराच्या जागेबाहेर. पेन्सिल, स्केचपेन नको. ट्रान्सफर टेपवर, म्हणजे कापलेली अक्षरं उचलून गाडीवर टेकवायच्या चिकटपट्टीवर, अक्षर तयार ठेवूनच शेवटचं पुसणं सुरू करायचं, म्हणजे पुसणं आणि लावणं यात धूळ बसायला वेळ मिळत नाही.

आयपीए पेट घेतं, हे मात्र गांभीर्यानं घ्या. ते १२ अंशांच्या आसपासच पेटण्याजोगी वाफ सोडायला लागतं, म्हणजे आपल्याकडं बारा महिने. सकाळी गाळ्यात उदबत्ती असते, शेजारी वेल्डिंग असतं, आणि हाताशी गरम हवेची हीट गन. बाटलीचं झाकण लावल्याशिवाय आणि पत्रा पूर्ण सुकल्याशिवाय हीट गन चालू करायची नाही.

सपाट पत्रा कुणीही साफ करतो. काम पडतं ते कडांना. दाराचा रबर, हँडलची खोबण, बिजागरी, रिबिटांच्या भोवतीचं कडं, हौद्याच्या पत्र्याच्या पन्हळी, फाळक्याच्या साखळीचा हूक. धुतलेलं पाणी या सगळ्यांत तासन्‌तास दबा धरून बसतं. तुम्ही लख्ख पुसता, अक्षर टेकवता, स्क्वीजी (अक्षर दाबून बसवायची पट्टी) दाबता आणि त्या दाबानंच रबराखालून एक काळसर थेंब हळूच बाहेर येतो, सरळ 'ते'च्या मात्रेखाली. म्हणून धुणं आदल्या दिवशी. रात्रभर उभी, सकाळी ब्लोअरनं प्रत्येक फटीत हवा मारायची, दार दोन-चारदा आपटून घ्यायचं, मग पुसायचं. फटींसाठी फडकं बोटानं कोंबू नका. आइस्क्रीमच्या काडीला, किंवा स्क्वीजीच्या कोपऱ्याला फडकं गुंडाळून, आयपीएत बुडवून आत फिरवा आणि लगेच कोरड्यानं तसंच. रिबिटाभोवती जो काळा गोल असतो तो जाईपर्यंत. आणि शक्य असेल तर नकाशाच असा करा की अक्षर कडेपासून बोटभर तरी आत राहील. अर्धं दारावर, अर्धं रबरावर असली कलाकुसर दहा दिवसांपुरती असते.

रंगाबद्दल थोडं. नुकतीच डेंटिंग-पेंटिंग होऊन आलेली गाडी कितीही स्वच्छ असली तरी घाई नको. नव्या रंगातून सॉल्व्हंटची वाफ बाहेर पडत राहते आणि विनाइलखाली फुगे येतात. भट्टीत भाजलेल्या रंगाला मी आठ दिवस देतो, उघड्यावर वाळलेल्याला महिना. खात्री करायची असेल तर विनाइलचा एक चौकोन लावून दिवसभर ऊबेत ठेवायचा, फुगे आले की समजायचं. जुना टेम्पो असेल आणि बोट फिरवल्यावर बोटाला रंगाची पूड येत असेल, तर आधी कंपाउंडनं घासून खालचा घट्ट रंग उघडा करायचा. आणि न रंगवलेला काळा खरबरीत बंपर: तो बहुतेकदा पॉलिप्रोपिलीनचा असतो, त्याला गोंद धरतच नाही, कितीही पुसा. तिथं प्रायमर लावून काम होतं, पण माझा सल्ला, बंपर सोडा आणि नंबर काचेवर घ्या.

ऊन. एप्रिलमध्ये दुपारी उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हात टेकवत नाही. त्यावर आयपीए मारताक्षणी उडतं, मळ जागेवर. गाडी सावलीत आणून तासभर निवू द्यायची. हाताचा पंजा पत्र्यावर आरामात राहिला पाहिजे. साधारण १५ ते ३५ अंश ठीक. पावसाळ्यात उलटं: सकाळी गार पत्र्यावर दमट हवेचं दव धरतं, दिसत नाही पण असतं. स्कूल बसवाल्यांचं काम नेमकं जूनच्या पहिल्या आठवड्यात येतं, शाळा उघडायच्या तोंडावर आणि पावसाच्याही. त्यांना मी मे महिन्यातच या म्हणून दरवर्षी सांगतो. येतात जूनमध्येच. मग दोन हॅलोजन लावून पत्रा कोमट करून घ्यावा लागतो आणि बसवाला वर विचारतो की एवढा वेळ का.

साबणाच्या पाण्यावर अक्षर तरंगवून बसवायची पद्धत आहे, तिचा एक गैरसमज असा की पाणी मारतोच आहोत तर पुसायचं कशाला. ते पाणी स्क्वीजीनं बाहेर जातं, तेल आतच राहतं. मालवाहू गाडीला लागणाऱ्या रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या, मागं लाल, पुढं पांढरी, बाजूला पिवळी, या तर लोक पासिंगच्या दारात, चिखलावर हात फिरवून लावतात. त्या पडतात तेव्हा रात्री मागून येणाऱ्याला टेम्पो दिसत नाही. त्यांनाही हेच पुसणं.

आता तुमच्या टेम्पोचं. चालकाच्या दाराला हात लावू नका. फाळका आणि दोन्ही बाजूंच्या खालच्या ओळी पूर्ण काढा, निम्म्या शिल्लक आहेत म्हणून ठेवू नका. त्यांच्याखालीही तेच तेल आहे. हीट गननं कोमट करून, कोपरा उचलून, पत्र्याला लगटून सावकाश ओढायचं. सरळ आपल्याकडं ओढलं की गोंद मागं राहतो. राहिलाच तर गोंद काढायचं लिक्विड लावून प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, ब्लेडनं नाही. काढलेली अक्षरं परत चिकटवायची नाहीत, आणि अनुस्वार फेविक्विकनं बसवायचा विचार मनात असेल तर तोही सोडा. तो रंग खातो आणि पुढच्या वेळी तिथं खड्डा दिसतो. मग गरम पाणी आणि लिक्विड दोनदा, रात्रभर वाळवणं, वॅक्स-ग्रीस रिमूव्हर, पाण्याचा गिलास, दोन फडकी.

खालची ओळ वीतभर वर घ्या, डबे घासतात त्या पट्टीच्या वर. फाळक्यावर हुकाच्या आणि साखळीच्या वाटेत काही टाकू नका. लावल्यावर गोंद पूर्ण धरायला दोन-तीन दिवस जातात, तोवर गाडी धुवायची नाही, आणि त्यानंतरही प्रेशरची नळी फूटभर लांब, समोरून. कडेवर तिरकी मारली की तुम्ही स्वतःच सोलताय. तेलाचे डबे भरायचं काम त्या दोन दिवसांत दुसऱ्या गाडीनं होत असेल तर बघा. होत नसेल तर निदान पोऱ्याला फाळका उघडताना कडेला धरायला सांगा, नावावर हात टेकून नको.

खर्चाचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. विनाइल फाळक्याला आणि दोन ओळींना फार लागत नाही. माझ्याकडं अशा कामात कापायला अर्धा तास, लावायला पाऊण तास आणि साफ करायला अडीच तास जातात, पैसेही मी त्याच हिशेबानं लावतो. तुमच्या गावातला माणूस 'वीस मिनिटांत करून देतो' म्हणाला तर त्याला फडकं किती वेळा पालटणार ते विचारा.